हद्दीचा दगड २०४८

काट्यावर गाडी चढली की चार कॅमेऱ्यांची उघडझाप होते. एक पुढची नंबरप्लेट टिपतो, एक मागची, एक वरून हौद्यातला माल आणि एक काचेमागचा ड्रायव्हरचा चेहरा. रिकामी गाडी येताना चार फोटो, भरून जाताना चार. त्यांच्यासोबत वजन, वेळ आणि पावतीचा नंबर बांधून गठ्ठा सर्व्हरवर जातो, तेव्हा कुठे खिडकीतून पावती बाहेर येते. मार्च २०१७ मधल्या एका रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी ती पावती यायची थांबली. पडद्यावर एकच ओळ होती : ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. बाहेर कोळशाच्या गाड्यांची रांग फाटकापासून वळणापर्यंत गेलेली आणि हॉर्न सुरू झालेले.

मी तेव्हा चेन्नईच्या उत्तर टोकाला, एन्नोरला, बंदराच्या मालावर जगणाऱ्या एका खासगी यार्डाचे सर्व्हर सांभाळत होतो. गुम्मिडिपूंडीच्या लोकलनं तिरुवोट्टियूर, विम्को नगर, कत्तिवाक्कम करत एन्नोरला उतरायचं. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कोसस्थलैयार नदीची खाडी, आणि क्षितिजावर वीजकेंद्रांच्या चिमण्या. इथलं बंदर २००१ साली सुरू झालं ते मुळात वीजकेंद्रांना कोळसा पुरवण्यासाठी. २०१४ मध्ये त्याला कामराजर यांचं नाव मिळालं. आता तिथून मोटारीही परदेशी जातात, पण आमच्या काट्याचं पोट कोळशावरच चालायचं.

काट्याचं महत्त्व मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. माझे वडील वाळव्याकडे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला होते. उसाची बैलगाडी काट्यावर उभी राहिली की शेतकरी आकड्याकडे कसा बघतो, हे मी लहानपणी पाहिलंय. ‘काटामारी’ हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरला जायचा. म्हणून तो फोटोंचा गठ्ठा माझ्या लेखी नुसता डेटा नव्हता. टनामागे पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात भांडणासाठी असलेला तो एकमेव पुरावा होता.

हिशेब सोपा आहे. एक फोटो साधारण तीनशे केबीचा धरा. आठ फोटोंचे सव्वादोन-अडीच एमबी होतात. दिवसाला चारशे गाड्या म्हटल्या तर रोज जवळपास एक जीबी. आमच्या सर्व्हरची डिस्क शंभर जीबीची होती. ती भरणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं. तारीख तेवढी कोणी काढली नव्हती, आणि ती काढणं माझं काम होतं.

त्या रात्री गाड्या आधी हलवायला हव्या होत्या. लिनक्सवरची ईएक्सटी-४ ही फाइल सिस्टिम बांधताना पाच टक्के जागा मुख्य वापरकर्त्यासाठी, म्हणजे रूटसाठी, बाजूला ठेवते. कणगीच्या तळाला बियाण्याचे दाणे राखून ठेवावेत तसा हा साठा असतो. काट्याचा प्रोग्रॅम साध्या वापरकर्त्याच्या नावानं चालत असल्यामुळे त्याला ती पाच जीबी दिसत नव्हती. ‘ट्यूनटूएफएस’ चालवून राखीव हिस्सा पाच टक्क्यांवरून एकावर आणला. चार जीबी तत्क्षणी मोकळी झाली आणि खिडकीतून पावती आली. चार दिवसांची उसंत. डिस्क वाढवायचं काम रविवारी दुपारी करायचं ठरलं.

इथे अण्णांबद्दल सांगायला हवं. सर्व्हर रूमच्या किल्ल्या, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि डिझेल जनरेटर त्यांच्या ताब्यात. आयुष्यभर त्यांनी एन्नोरच्या जुन्या वीजकेंद्रात पाळ्या केल्या होत्या. १९७० साली सुरू झालेलं, पाच संचांचं, ४५० मेगावॉटचं ते केंद्र २०१७ मध्येच कायमचं बंद झालं. तिथं दर तासाला वाफेचा दाब, तापमान, भार यांचे आकडे वहीत उतरवायची शिस्त होती. ती सवय घेऊनच अण्णा आमच्याकडे आले. सर्व्हर रूमच्या दारामागे सुतळीनं बांधलेली लांबट हिशेबाची वही लटकत असे. खोलीत कोण आलं, कशाला आलं, काय बदललं, निघताना पडद्यावर काय होतं, सगळं त्यात. त्यांना लिनक्स येत नव्हतं. ते विचारायचे, “तंबी, आत्ता पडद्यावर जो आकडा आहे तो वाच.” आपण वाचायचा, ते लिहायचे. मला सुरुवातीला हे वेळखाऊ वाटायचं.

रविवार उजाडला. आमचा सर्व्हर व्हर्च्युअल, म्हणजे एका मोठ्या लोखंडी यंत्राच्या पोटात चालणाऱ्या अनेक सर्व्हरांपैकी एक. त्याची डिस्क ही खरी तबकडी नसते, ती खालच्या साठ्यावरची एक मोठी फाइल असते. तिचा आकार वाढवायला चौकटीत १०० खोडून २०० लिहायचं, एवढंच. पण ती चौकट राखाडी पडली होती, आकडा बदलू देईना. अर्ध्या तासानं उलगडा झाला. कोणीतरी काही महिन्यांपूर्वी घेतलेला स्नॅपशॉट तसाच राहिला होता. व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट असताना डिस्क वाढवता येत नाही, कारण मूळ डिस्क गोठवून त्यानंतरचं सगळं लिखाण वेगळ्या फाइलीत चाललेलं असतं. तो स्नॅपशॉट काढायला, म्हणजे साठलेलं लिखाण मूळ डिस्कमध्ये मिसळायला, तास गेला. मग २०० लिहिलं आणि ते मान्य झालं.

सगळं झालं असं इथं बाहेरच्या माणसाला वाटतं. खरं काम इथून सुरू होतं. डिस्क वाढली तरी आतल्या कोणालाच त्याची खबर नसते. गावाच्या शिवेला नवी जमीन जोडली म्हणून तुमच्या सातबाऱ्यावरचं क्षेत्र आपोआप वाढत नाही, तसंच. आधी लिनक्सला सांगायचं की डिस्क पुन्हा मोजून घे. मग पार्टिशनची हद्द पुढे सरकवायची. मग फाइल सिस्टिमला सांगायचं की हद्द पुढे गेली, आता पसर. बाहेरून आत, एकेक थर. एक थर चुकला की जागा मोजणाऱ्या ‘डीएफ’ला विचारल्यावर जुनाच आकडा समोर येतो आणि माणूस चक्रावतो.

आमच्याकडे सेंटओएस-६ होतं आणि डिस्कची मांडणी ओबडधोबड. आधी मुख्य पार्टिशन, त्याला लागून स्वॅपचं, म्हणजे मेमरी कमी पडली तर वापरायच्या जागेचं, छोटं पार्टिशन, आणि नवी जागा त्या स्वॅपच्याही पलीकडे. आपल्या शेतालगत दुसऱ्याचा तुकडा आणि त्यापलीकडे आपण नवी जमीन घेतलेली. मधला तुकडा हलवल्याशिवाय बांध पुढे जात नाही. स्वॅप बंद केलं, त्याचं पार्टिशन पुसलं. आता मुख्य पार्टिशन.

त्या काळी ‘एफडिस्क’मध्ये पार्टिशन ताणायची सोय नव्हती. ते पुसायचं आणि त्याच जागी मोठं करून पुन्हा लिहायचं. पहिल्यांदा करताना हात कापतो. चालू सर्व्हरवर, आतमध्ये लाखो फोटो असताना, पार्टिशन डिलीट! पण पार्टिशनचा तक्ता म्हणजे मोजणीचा नकाशा, जमीन नव्हे. नकाशा फाडला म्हणून पीक जळत नाही. नवा नकाशा जुन्याच दगडापासून सुरू झाला पाहिजे, एवढी एकच अट. सुरुवातीचा सेक्टर तोच हवा.

एफडिस्कनं विचारलं : पहिला सिलिंडर, १ ते २६१०८, काही न सांगितल्यास १. आधीच्या यादीतही सुरुवात १ अशीच होती. मी एंटर दाबलं, तक्ता लिहिला, सर्व्हर पुन्हा सुरू केला. काळ्या पडद्यावर तीन शब्द आले : ‘ग्रब, एरर १७’. सुरुवातीचं पार्टिशन वाचता येत नाही, असा त्याचा अर्थ.

नेमकं काय झालं होतं ते सांगतो, कारण ह्या एका खाचेत देशभरातल्या किती रात्री गेल्या असतील कोण जाणे. जुन्या एफडिस्कची सवय सिलिंडरमध्ये मोजायची. एक सिलिंडर म्हणजे सोळा हजारांवर सेक्टर. सेंटओएस-६ चा इन्स्टॉलर पार्टिशनची सुरुवात २०४८ व्या सेक्टरला करतो. एफडिस्क जुन्या डॉसच्या रीतीनं ६३ व्या सेक्टरला करतो. आणि दोन्ही पहिल्याच सिलिंडरमध्ये येत असल्यामुळे यादीत दोघांपुढे १ च दिसतो. माझा दगड १,९८५ सेक्टर अलीकडे रोवला गेला होता. म्हणजे दहा लाख सोळा हजार तीनशे वीस बाइट, जेमतेम एक एमबी. शंभर जीबीच्या मालातलं एक अक्षरही हललं नव्हतं, पण दार मोजायला सुरुवात चुकीच्या भिंतीपासून झाली होती.

हे मला आज कळतं. त्या दुपारी काहीच कळत नव्हतं. स्नॅपशॉट मी मघाशीच काढून टाकलेला आणि नवा घ्यायचा राहिलेला. बॅकअप आदल्या रविवारचा, म्हणजे आठवड्याभरातल्या गाड्यांचे फोटो गेले असं समजायचं. बाहेर काट्यावर पोरं हातानं पावत्या फाडत होती. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता.

अण्णा बाजूला उभे होते. म्हणाले, “तंबी, कुठला आकडा हवाय?” मी म्हटलं, पार्टिशनच्या सुरुवातीचा. त्यांनी वही सुतळीवरून सोडवली, बरीच पानं मागे गेले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सर्व्हर बसवायला आलेल्या मुलाकडून त्यांनी पडद्यावरचं सगळं वाचून घेतलं होतं. त्या मुलानं यादी सेक्टरमध्ये काढली होती. सुरुवात : २०४८.

इन्स्टॉलेशनच्या सीडीची प्रतिमा जोडून सर्व्हर रेस्क्यू मोडमध्ये उठवला. एफडिस्क ह्या वेळी सेक्टर मोजायला सांगून उघडला. पुसलं, पुन्हा लिहिलं, सुरुवात २०४८. आधी नुसतं वाचण्यापुरतं माउंट केलं. फोल्डर दिसले. तारखा दिसल्या. शुक्रवारी रात्री अकरा चाळीसला गेलेल्या एका गाडीचा फोटो उघडून पाहिला : ड्रायव्हर जांभई देत होता. ‘ईटूएफएससीके’नं तपासणी केली, सर्व्हर उठला, ‘रिसाइझटूएफएस’ चालवलं आणि चालत्या सर्व्हरवर फाइल सिस्टिम दोनशे जीबीला जाऊन भिडली. ते काम दोन मिनिटांत झालं. स्वॅपला मी वेगळी छोटी डिस्क दिली. ते पुन्हा कधी कोणाच्या वाटेत येऊ नये म्हणून.

संध्याकाळी अण्णांनी वहीत लिहायला सुरुवात केली. मी न विचारता एकेक आकडा वाचत गेलो.

पुढे दोन वर्षांनी आम्ही सेंटओएस-७ वर गेलो आणि एलव्हीएम घेतलं. लिनक्ससाठी ते १९९८ मध्ये हाइन्झ माउएल्सहागेन यांनी लिहिलं, एचपी-यूएक्सच्या धर्तीवर. इतकी वर्षं हाताशी असलेली सोय आमच्या सर्व्हरवर नव्हती, याची मला आजही खंत वाटते. एलव्हीएम म्हणजे एकत्र कुटुंबाची शेती. सगळ्या डिस्क एका सामाईक गटात टाकायच्या आणि त्यातून ज्याला जेवढं लागेल तेवढं द्यायचं. तुकडे सलग असायची गरज नाही, शेजारच्याचा बांध आड येत नाही. डिस्क वाढली की ‘पीव्हीरिसाइझ’, मग ‘एलव्हीएक्स्टेंड’ला एक ‘आर’ जोडला की फाइल सिस्टिमही सोबत पसरते. पहिल्यांदा केलं तेव्हा काट्यावर गाडी उभी होती आणि तिची पावती मध्येच नेहमीसारखी निघाली. एकाही ड्रायव्हरला पत्ता लागला नाही. ह्या कामात मिळालेला इतका निखळ आनंद मला दुसरा आठवत नाही.

पण एकत्र कुटुंबाचीही एक रीत असते, आणि ती मी मोडली. फोटोंच्या खात्याला पन्नास जीबी हवी होती. मी उरलेली शंभर टक्के देऊन टाकली. परत परत काम नको म्हणून. आठवड्यानं डेटाबेस जागा मागायला आला तेव्हा गटात दाणा शिल्लक नव्हता. फोटोंकडून थोडी परत घ्यावी तर तिथं एक्सएफएस होती. १९९० च्या दशकात सिलिकॉन ग्राफिक्सनं घडवलेली ही फाइल सिस्टिम सेंटओएस ज्याच्यावरून बनायचं त्या रेड हॅट-७ पासून, म्हणजे २०१४ पासून, न सांगता आपोआप निवडलेली असते. वाढते झकास, आटत मात्र नाही. दिलेली जागा परत घ्यायची तर सगळा माल बाहेर काढून, नवी छोटी बांधून, पुन्हा भरावा लागतो. आम्ही नवी डिस्क मागवली आणि ती येईपर्यंत जुने लॉग खरवडत बसलो. तेव्हापासून मी लागेल तेवढंच देतो, आणि उरलेलं किती ते वहीत लिहितो.

कधी जागा असूनही ‘जागा नाही’ येतं. ईएक्सटी-४ वर फाइल म्हणजे नुसता माल नसतो, प्रत्येक फाइलीमागे नोंदवहीतलं एक पान लागतं, त्याला आयनोड म्हणतात. पानांची संख्या बांधतानाच ठरते, साधारण सोळा केबीमागे एक. फोटोंच्या टिचभर लघुप्रती करणाऱ्या एका प्रोग्रॅमनं आमची सगळी पानं खाल्ली होती आणि निम्मी डिस्क रिकामी होती. ‘डीएफ’ला ‘आय’ जोडून विचारल्यावर हे दिसलं. आधी ते विचारायचं, मग डिस्क वाढवायची.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळ आलं तेव्हा मी पुण्याला परतलो होतो. एन्नोरची गादी एक मुलगी सांभाळत होती, खाडीकाठच्या मच्छीमार वस्तीतली, डिप्लोमा करून आलेली. अण्णा घरी बसले होते आणि वही तिच्याकडे आली होती, तिसरी वही. ३ आणि ४ तारखेला चेन्नई पाण्याखाली गेली. ६ तारखेला तुंबलेल्या गाड्या एकदम काट्यावर आल्या, आणि सकाळी तिचा फोन आला. “सार, एक नाही, सगळेच सर्व्हर थांबलेत.”

ह्या वेळी आतल्या थरांत सगळीकडे जागा होती, तळाला मात्र नव्हती. व्हर्च्युअल डिस्क ‘थिन’ होत्या. दोनशे जीबीचा शब्द दिलेला असतो, पण खालच्या साठ्यावर जेवढं लिहिलं तेवढीच जागा लागते. सगळ्यांना दिलेल्या शब्दांची बेरीज साठ्यापेक्षा मोठी असू शकते, आणि आमच्याकडे होती. त्यात वादळाच्या आधी, २ तारखेला, काळजीपोटी प्रत्येक सर्व्हरचा स्नॅपशॉट घेतलेला. ते स्नॅपशॉट फुगत गेले, साठा शेवटच्या एमबीपर्यंत भरला आणि व्हीएमवेअरनं सगळ्या सर्व्हरांना जागच्या जागी थांबवून प्रश्न विचारला : जागा करून पुन्हा प्रयत्न करू का?

नवी डिस्क कुठून आणणार? रस्ते पाण्यात, जनरेटरचं डिझेल मोजून घेतलेलं. मी तिला म्हटलं, चाचणीचा सर्व्हर बंद कर. चालू असलेल्या प्रत्येक व्हर्च्युअल सर्व्हरमागे साठ्यावर त्याच्या मेमरीएवढी एक स्वॅप फाइल पडलेली असते, तो बंद केला की ती जाते. चाचणीच्या सर्व्हरला सोळा जीबी मेमरी होती. तिनं तो बंद केला. सोळा जीबी सुटली. “आता काट्याच्या सर्व्हरवर पुन्हा प्रयत्न म्हण.” पलीकडे काही क्षण शांतता, मग प्रिंटरची ओळखीची घरघर फोनवर ऐकू आली. नंतर एकेक करून, सगळ्यांत छोटा आधी, असे स्नॅपशॉट मिसळत संध्याकाळ झाली.

मधेच तिनं सांगितलं की खाडीत तेल आलंय. पुराच्या पाण्यासोबत मणलीच्या औद्योगिक पट्ट्यातून वाहून आलेलं ते काळं तेल नंतर देशभरच्या बातम्यांत आलं. खाडीतले लोक ते हातानं, बादल्यांनी उपसत होते. तिच्या घरची होडी आणि जाळी त्यातच होती. मी म्हटलं, तू घरी जा, बाकीचं उद्या. ती म्हणाली, भाऊ तिकडे आहे, इथं दुसरं कोणी नाही. वर्षानुवर्षं वीजकेंद्रांची राख उतरून आधीच उथळ झालेल्या त्या खाडीचा विचार माझ्या मनातून त्या रात्री गेला नाही.

जानेवारीत नवा साठा आला. फोटोंच्या खात्याला जागा द्यायची होती. तिनं व्हिडिओ कॉल लावला, पण मला काही विचारण्यासाठी नाही, नुसतं बघायला. आधी स्नॅपशॉट उरलाय का ते पाहिलं. मग ‘डीएफ’, मग ‘आय’ जोडून ‘डीएफ’. डिस्क पुन्हा मोजून घेतली. पार्टिशनची यादी सेक्टरमध्ये काढून सुरुवातीचा आकडा वहीशी ताडून पाहिला. गटात चारशे जीबी आली होती. फोटोंना तिनं दीडशे दिली.

“उरलेली?” मी विचारलं.

“वहीत लिहिली, सार,” ती म्हणाली आणि पान कॅमेऱ्यासमोर धरलं. अडीचशे. त्याच्याखाली, अण्णांच्याच पद्धतीनं, तारीख, वेळ, आणि आणखी एक ओळ त्यांच्या वहीत कधीच नव्हती अशी : आजच्या वेगानं डिस्क कधी भरेल, तो दिवस.